घडणावळीचा हिशेब: हातानं घडवलेल्या पेनात काटकसर कुठे करावी

फाउंटन पेनाचं टोपण उघडायला ते किती वेळा फिरवावं लागतं, हे एकदा मोजून पाहा. साधे एकेरी आटे असतील तर चार-साडेचार फेरे लागतात आणि तिहेरी आटे असतील तर दीड. कारण साधं आहे. दोन आट्यांमधलं अंतर 0.8 मिलिमीटर असेल, तर एकेरी आट्यांचं टोपण एका फेऱ्यात तेवढंच पुढे सरकतं. तिहेरी आट्यांत तीन खाचा एकाच वेळी सुरू होतात, म्हणून तेच टोपण एका फेऱ्यात 2.4 मिलिमीटर सरकतं. साडेतीन मिलिमीटरची पकड हवी असेल तर किती फेरे वाचले ते लगेच कळतं. आता हे पेन रोज वापरणारा माणूस दिवसातून वीस वेळा टोपण काढतो आणि वीस वेळा लावतो. पेन हाताला आवडलं की कंटाळवाणं झालं, हे इथे ठरतं. रंग, चकाकी आणि खोकं यांचा नंबर फार नंतर लागतो.

भोकाच्या आतून तिहेरी आटे पाडणारा टॅप आणि बाहेरून ते पाडणारी डाय साध्या जोडीच्या कितीतरी पट महाग असते. ती घ्यायला मी बरेच महिने का-कू केली. त्याच काळात मात्र दर पेनाबरोबर चांगल्यातलं खोकं देत होतो आणि निब स्वस्तातली बसवत होतो. आज हिशेब मांडला की दिसतं, तेव्हा मी अगदी उलट वागत होतो. टॅप-डाय एकदाच घ्यायची होती. तिचा खर्च दोनशे पेनांवर पसरला की एका पेनाच्या वाट्याला नाममात्र येतो. खोक्याचा खर्च दर पेनाला नव्यानं होतो, आणि आठवड्याभरात ते खोकं कपाटात जातं.

हातानं पेनं घडवून विकायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा पेच पडतो. दर्जा वाढवला की किंमत वाढते, किंमत उतरवली की दर्जा उतरतो, असा तराजू आपण मनात धरून बसलेलो असतो. माझं म्हणणं वेगळं आहे. हातानं घडवलेल्या पेनात सर्वांत महाग माल म्हणजे घडवणाऱ्याचा वेळ. तो नीट मोजला, तर वाचवण्यासारखं बरंच काही सापडतं आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींनी पेनाच्या दर्जाला धक्काही लागत नाही. तो मोजला नाही, तर आपण नेमकं चुकीच्या जागी कापतो.

पैशांऐवजी मिनिटं

हिशेबासाठी एक पद्धत सांगतो. पेनाचा सगळा खर्च मिनिटांत मांडायचा. महिन्याला आपल्याला किती मिळायला हवं ते ठरवायचं, प्रत्यक्ष कामाच्या मिनिटांनी त्याला भागायचं, म्हणजे आपल्या एका मिनिटाचं मोल कळतं. मग प्रत्येक सुटा भाग त्या मोलानं मोजायचा. ही निब म्हणजे माझी पंचेचाळीस मिनिटं, हे खोकं म्हणजे पंधरा. माल आणि मेहनत एकाच मापात आली की दोन्हींची तुलना करता येते. पैशांत हिशेब केला की माल तेवढा डोळ्यांसमोर राहतो, कारण त्याचं बिल येतं. आपल्या वेळाचं बिल कोणी देत नाही.

समजा, एक ॲक्रिलिकचं किंवा एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, फाउंटन पेन आहे. निब तयार आणलेली, बाकी सगळं लेथवर, म्हणजे माल फिरवत कापायच्या यंत्रावर, घडवलेलं. आकडे समजुतीसाठी घेतोय, प्रत्येकानं आपापले घालावेत. रॉड तीस मिनिटांचा, निब आणि तिच्याखालची शाई पोचवणारी जीभ पंचेचाळीस, शाई भरायचा कन्व्हर्टर दहा, पॉलिश पेपर आणि पॉलिश आठ, खोकं पंधरा. मालाचे झाले 108. आता घडणावळ. रॉड कापून भोकं पाडायला तीस मिनिटं, आतलं काम आणि आटे पन्नास, बाहेरचा आकार पंचवीस, घासणं आणि पॉलिश पन्नास, निब बसवून जुळवून लिहून पाहणं वीस, फोटो, गिऱ्हाइकाचे निरोप आणि बांधणी पस्तीस. ही झाली 210. एकूण 318 मिनिटं, त्यातला माल जेमतेम एक तृतीयांश.

जागेचं भाडं, वीज, छिन्न्यांची झीज हे यात अजून आलेलं नाही. महिन्याचा असा सगळा खर्च महिन्यात होणाऱ्या पेनांवर वाटून टाकायचा. त्यातच धूळ ओढणारं यंत्र आणि चांगला मास्कही धरायचा. लाकडाची बारीक भुकटी आणि सायनोॲक्रिलेट गोंदाची वाफ रोज छातीत घेऊन स्वस्त पेन विकण्यात शहाणपण नाही. काही जातींच्या लाकडांची भुकटी तर अंगावर पुरळही उठवते. हा खर्च वाचवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

वाया गेलेल्या पेनाचा खर्च

वरच्या 318 मध्ये एक मोठी गोष्ट राहिली. आठ पेनं करायला घेतली की आठही पूर्ण होतातच असं नाही. कुठे टवका उडतो, कुठे आटा तुटतो, कुठे भोक तिरपं जातं. समजा आठातलं एक वाया गेलं. त्या एकाचा खर्च उरलेल्या सातांनीच भरून काढायचा असतो.

पण ते कधी वाया गेलं, यावर सगळं अवलंबून आहे. पॉलिश होऊन गेलं आणि मग शेवटी आटे पाडताना फुटलं, तर रॉड, पॉलिश पेपर आणि तोवरची सगळी घडणावळ मिळून 193 मिनिटं गेली, म्हणजे दर पेनामागे जवळजवळ अठ्ठावीस. तेच भोक पाडताना फुटलं असतं तर रॉडची तीस आणि कामाची तीस, मिळून साठच गेली असती, दर पेनामागे नऊ. एकाच अपघाताची किंमत तिप्पट होते, ती फक्त कामाच्या क्रमामुळे.

म्हणून नियम असा, की धोक्याचं काम आधी करायचं. भोकं, आतला पोकळ भाग, आटे हे सगळं रॉड जाडजूड आणि ओबडधोबड असतानाच उरकायचं. बाहेरचा आकार नंतर, आणि पॉलिश सगळ्यात शेवटी. नव्या माणसाला उलटं करायचा मोह होतो, कारण आकार आणि चकाकी दिसली की हुरूप येतो. तो हुरूप महागात पडतो. या एका बदलाला काहीच खर्च येत नाही, पेनाचा दर्जा कणभरही घटत नाही, आणि दर पेनामागे एकोणीस मिनिटं वाचतात. स्वस्त रॉड शोधत फिरून एवढं वाचवायला बरेच दिवस लागतील.

भोक पाडतानाही तसंच. ॲक्रिलिक तापलं की मऊ होऊन ड्रिलला चिकटतं आणि मग तडकतं. ड्रिल थोडं आत न्यायचं, लगेच बाहेर काढून भुगा झाडायचा, पुन्हा आत न्यायचं. आरपार भोक पाडत असाल तर रॉडचा तुकडा गरजेपेक्षा थोडा लांब ठेवावा, म्हणजे पलीकडे ड्रिल बाहेर पडताना उडणारा टवका कापून टाकायच्या भागातच जातो. बोटभर जास्तीच्या मालाला काटकसर म्हणून कात्री लावू नका.

स्वस्त निबचं गणित

आता ज्या जागी सगळेच आधी कापतात तिथे येऊ. पंचेचाळीस मिनिटांच्या निबऐवजी पंधरा मिनिटांची घेतली. तीस वाचली! 318 मधली तीस म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

पण स्वस्त निब आली की पाकिटातून काढून तशीच बसवता येत नाही. बहुतेकींची दोन टोकं खाली-वर असतात, मधली फट कुठे बंद तर कुठे रुंद. जुळवायला नेहमीपेक्षा वीस मिनिटं जास्त घालावी लागली, तर तीसातली उरली दहा. एवढं करूनही समजा दहातलं एक पेन परत आलं. गिऱ्हाइकाशी बोलणं वीस मिनिटांचं, जाण्यायेण्याचं कुरियर तीसाचं, पेन उघडून, धुऊन, पुन्हा जुळवणं चाळीसाचं. झाली नव्वद, म्हणजे दर पेनामागे नऊ. हातात राहिलं एक मिनिट. आणि त्या एका मिनिटासाठी दहातल्या एका माणसाला असं पेन मिळालं जे पहिल्या दिवशी लिहीत नव्हतं. तो ते दुसऱ्याला सांगणारच.

निबचं महत्त्व का, हेही समजून घ्यायला हवं. फाउंटन पेनातून शाई गळत नाही, ती ओढली जाते. निबच्या खालची जी काळी जीभ दिसते, तिच्यात केसासारख्या बारीक खाचा असतात. शाई केशाकर्षणानं त्या खाचांतून निबच्या फटीत आणि फटीतून कागदावर येते. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर मागे पोकळी तयार होऊन शाई अडते. लुईस वॉटरमन यांचं 1884 चं पेटंट याच देवाणघेवाणीबद्दलचं होतं. सारांश असा, की लिहिण्याचं सगळं काम निब आणि जीभ करतात. बाकीचं पेन म्हणजे त्यांना धरायची मूठ आणि शाईची टाकी. ती मूठ सुंदर असावी यासाठीच तर आपण लेथसमोर उभे राहतो, पण मुठीच्या सौंदर्यासाठी लिहिण्याचा बळी देणं मला पटत नाही.

जोवो, बॉक आणि श्मिट हे जर्मन उत्पादक सुटी निब-युनिट विकतात आणि जगभरातले छोटे कारागीर बहुतांशी तीच वापरतात. चांगली स्टीलची निब घ्या आणि तिच्यावर वेळ खर्च करा. दहापट दाखवणाऱ्या भिंगाखाली टोकाकडून पाहिलं की दोन गोल कळ्या शेजारी शेजारी दिसतात. एक वर असेल तर अंगठ्याच्या नखानं हलकेच खाली दाबायची, सोडायची, पुन्हा पाहायची. शाई कमी उतरत असेल तर फटीतून पितळेचा अगदी पातळ पत्रा, 0.05 मिलिमीटरचा, एकदा-दोनदा अलगद सरकवायचा. कागदावर खरखर लागत असेल तर बारीक घासपट्टीवर आठ-आकड्यात चार-पाच वेळा फिरवायची आणि थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. जास्त घासलं की टोक इतकं गोल होतं की फटीच्या कडा कागदाला टेकतच नाहीत. निब लोण्यासारखी फिरते, पण प्रत्येक शब्दाची पहिली रेघ कोरी जाते. मग ती निब सुधारणं अवघड.

सोन्याच्या निबबद्दल नेहमी विचारलं जातं. 14 कॅरेटमध्ये 58.5 टक्के सोनं असतं, 18 कॅरेटमध्ये 75. जुन्या काळी लोखंडी क्षारांच्या आम्लधर्मी शाया साध्या पोलादाला खात, सोन्याला खात नसत. सोन्याची निब वापरण्यामागचं ते मोठं कारण होतं. गंज न धरणाऱ्या पोलादानं ती अडचण बरीचशी दूर केली. कागदाला टेकणारं टोक तर सोन्याच्या निबमध्येही सोन्याचं नसतं. तिथे वेगळ्याच कडक मिश्रधातूचा थेंब जोडलेला असतो, आणि तसाच थेंब चांगल्या स्टीलच्या निबवरही असतो. सोनं थोडं लवचिक लागतं, दिसतं सुरेख, आणि ज्याला ते हवं आहे त्यानं जरूर घ्यावं. पण न जुळवलेली सोन्याची निब आणि नीट जुळवलेली स्टीलची निब यांत मी डोळे मिटून स्टीलची निवडेन. म्हणून माझ्या मते सोन्याची निब मागणीनुसारच बसवावी. ती आपल्या नेहमीच्या पेनाच्या किमतीत धरू नये.

लाकूड घाई सहन करत नाही

एक चूक माझ्या हातून झाली आणि ती विसरता येत नाही. सुंदर रेषांचं लाकूड मिळालं होतं. हाताला कोरडं लागलं, म्हणून आठवड्यातच त्याची पेनं केली. पितळी नळीवर चिकटवलेलं लाकूड, वर काचेसारखी चकाकी. काही महिन्यांनी त्यातलं एक परत आलं. क्लिपच्या बाजूला, रेषेला धरून, वरपासून खालपर्यंत केसाएवढी भेग. ज्या माणसानं ते कुणालातरी भेट द्यायला घेतलं होतं, त्यानं तक्रारही फार सौम्य शब्दांत केली होती. त्यामुळे जास्तच लागलं.

कारण उघड होतं. लाकूड वाळताना आडवं आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. आतली पितळी नळी मात्र जागची हलत नाही. आक्रसायला जागा नाही म्हटल्यावर लाकूड उभं चिरतं. हे टाळायला महागडी उपकरणं लागत नाहीत. लाकडाचे तुकडे पेनाच्या मापाचे कापायचे, एक दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करायचं, पेन्सिलीनं तुकड्यावरच तारीख आणि वजन लिहायचं. दर दोन आठवड्यांनी पुन्हा. लागोपाठ तीन वेळा वजन तेच आलं की तुकडा तयार. यात खर्च होतो तो फळीवरच्या जागेचा आणि धीराचा, आपल्या कामाच्या मिनिटांचा जवळजवळ नाहीच. आज लावलेले तुकडे पुढच्या हंगामात वापरायचे, एवढा साठा केला की घाई करायची वेळ येत नाही.

निर्वात भांड्यात राळ मुरवून, मग भट्टीत तापवून पक्कं केलेलं लाकूडही मिळतं. महाग असतं, पण मऊ किंवा भुसभुशीत सुंदर लाकूड वापरायचं असेल तर त्याला पर्याय नाही. तिथे मी खर्च करतो.

वरच्या लेपाचंही तसंच. लेथवर फिरत्या पेनाला मेणाचं पॉलिश लावलं की दोन मिनिटांत चमक येते आणि फोटो फक्कड येतो. हाताचा घाम लागून काही आठवड्यांत ती चमक उतरते. सायनोॲक्रिलेटचे पातळ थर एकावर एक चढवायला अर्धा तास जातो, पण लेप वर्षानुवर्षं टिकतो. हा अर्धा तास वाचवू नका. आणि थर फक्त अंगावर न देता दोन्ही टोकांच्या उघड्या कडांनाही द्या. ओल तिथूनच आत शिरते, आणि तिथे कोणी पाहत नाही म्हणून ती कड हमखास कोरी राहते.

घासकामात वेळ कुठे जातो

घडणावळीतला सर्वांत मोठा खड्डा बहुतेकांच्या बाबतीत घासकामाचा असतो. बारीक घासपट्ट्यांचा नेहमीचा संच नऊ पायऱ्यांचा येतो, 1500 पासून 12000 पर्यंत. वेळ वाचवायला लोक मधल्या पायऱ्या गाळतात. मग 12000 वर पोहोचल्यावर उजेडात एक ओरखडा दिसतो, आणि तो 1500 चाच असतो. परत मागे जायचं. गाळलेल्या पायऱ्यांनी वाचवलेली आठ मिनिटं वीस मिनिटं घेऊन जातात.

वेळ वाचवायची खरी जागा त्याच्याही आधी आहे, छिन्नीला धार लावण्यात. धारदार छिन्नीनं शेवटचा हात पातळ मारला की पृष्ठभाग इतका स्वच्छ येतो की खरखरीत पॉलिश पेपर लागतच नाही. बोथट छिन्नी माल कापत नाही, ओरबाडते, आणि त्या ओरबाड्यांची किंमत आपण पुढे कागदानं फेडतो. दुसरी गोष्ट, प्रत्येक पायरीनंतर लेथ थांबवून त्याच कागदानं लांबीच्या दिशेनं चार हात मारायचे आणि ओल्या फडक्यानं पुसायचं. गोल ओरखडे तिथेच दिसतात आणि तिथेच मिटतात. हे सगळं नेटानं केलं तर पन्नासाची पस्तीस मिनिटं होतात, आणि पेन आधीपेक्षा चांगलं दिसतं.

एबोनाइट घासताना गंधकाचा वास येतो, कारण ते रबर आणि गंधक तापवून केलेलं कडक रबर आहे. हाताला ऊबदार, वजनाला हलकं, मला अतिशय प्रिय. पण उन्हात राहिलं की त्याचा काळा रंग हिरवट-तपकिरी होतो. हे विकतानाच सांगावं. सांगायला काही लागत नाही, आणि न सांगितल्याची किंमत एका परत आलेल्या पेनाएवढी असते.

एकाच नमुन्याची सहा पेनं

पेन घडवताना सात-आठ वेळा ड्रिल, टॅप, चक बदलावा लागतो. एका बदलाला तीन मिनिटं धरली आणि सात बदल, तर एकवीस मिनिटं नुसती जुळवाजुळवीत गेली. तीच सहा पेनं एकदम घेतली, सगळ्यांना पहिलं भोक, मग सगळ्यांना दुसरं, तर एका पेनाच्या वाट्याला साडेतीन मिनिटं येतात. साडेसतरा वाचली. शिवाय मापं सारखी येतात, एकाचं टोपण दुसऱ्याला बसतं, आणि कधी कुणाचं टोपण हरवलं तर नवं करून देता येतं.

काहींना यात कारखान्याचा वास येतो. प्रत्येक पेन वेगळं असावं, हीच हस्तकलेची ओळख, असं ते म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. वेगळेपण रंगात, रेषेत, आकाराच्या ओघात असावं. आटे, आतली मापं, निबची बैठक यांत वेगळेपण नकोच. तिथे शंभरावं पेन पहिल्यासारखंच हवं. तीन-चार नमुने ठरवा, त्यांची आतली मापं एकच ठेवा, आणि बाहेर हवं तेवढं खेळा.

निबच्या साठ्यातही असाच सापळा आहे. पाच जाडीच्या, चार रंगांच्या निब ठेवायच्या म्हटलं तर वीस प्रकार होतात, आणि प्रत्येकी चार-पाच ठेवल्या तर महिन्याची कमाई डबीत अडकून पडते. बारीक, मध्यम आणि एक रुंद, एकाच रंगात, एवढ्यानं बहुतेक गिऱ्हाइकांचं भागतं. बाकीचं मागवून द्या.

बॉलपेनं करत असाल तर दोन गोष्टी. तयार कीट घेताना मुलामा पाहा. 24 कॅरेटचा सोन्याचा मुलामा मऊ आणि पातळ असतो, बोटं टेकतात तिथून आधी जातो. क्रोम, ऱ्होडियम किंवा टायटॅनियम नायट्राइडचा थर कितीतरी जास्त टिकतो. कीट स्वस्त असो वा महाग, आपली घडणावळ तेवढीच लागते. स्वस्त कीटवर आपण तेवढीच मेहनत ओततो आणि मुलामा मात्र आपल्या मेहनतीच्या आधी संपतो. आणि रिफिल सहज मिळणारीच हवी. पार्कर पद्धतीची रिफिल अनेक कंपन्या बनवतात. दुर्मीळ रिफिलचं पेन म्हणजे पहिली रिफिल संपेपर्यंतचंच पेन.

किंमत ठरवताना

वाया गेलेली पेनं धरून हिशेबाची बेरीज आली, त्यावर नफा चढवला की आपली किंमत झाली, असं वाटतं. पण दुकानात ठेवायला दिलं तर विक्रीच्या किमतीतला मोठा वाटा, कधी निम्म्यापर्यंत, दुकानदाराचा असतो. थेट विक्रीची किंमत कमी ठेवली असेल तर दुकानात प्रत्येक पेनामागे पदरमोड होते, आणि दुकानात जास्त किंमत लावली तर दुकानदार नाराज होतो. म्हणून किंमत पहिल्या दिवसापासून दोन्हीकडे एकच आणि दोन्ही परवडतील अशी ठेवा. मित्रांना कमी किमतीत द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण मेहनत शून्य धरून काढलेली किंमत जाहीर करू नका. तुमच्याच गावात, तुमच्याच कामावर पोट असणाऱ्या दुसऱ्या कारागिराला त्याचा त्रास होतो.

किरकोळ डाग राहिलेल्या पेनांचं काय? रंगाच्या लेपात बारीक बुडबुडा, क्लिपजवळ सुईच्या टोकाएवढा खड्डा, असं असेल तर तो दोष दाखवून कमी किमतीत विकण्यात काही गैर नाही. मी फोटोत बोट ठेवून दाखवतो. पण निब अडखळते, आटा सैल आहे, टोपण हलतं, असं पेन कोणत्याही किमतीला बाहेर जाऊ नये. ते सुट्या भागांच्या डब्यात टाका, निब आणि कन्व्हर्टर दुसऱ्या पेनाला लागतील.

गिऱ्हाइकाला आपली आतली मेहनत दिसत नाही, म्हणून ती दाखवायची सोय करावी. प्रत्येक पेनाबरोबर मी एक छोटं कार्ड ठेवतो. त्यावर त्याच निबनं लिहिलेल्या चार ओळी, कोणत्या शाईनं आणि कोणत्या तारखेला. महागड्या खोक्याच्या ऐवजी आता साधी कापडी पिशवी आणि हे कार्ड देतो.

त्या आधी एक परीक्षा असते. शाई भरायची, टोपण लावायचं, निब वर करून पेन पेल्यात उभं ठेवायचं आणि आठ दिवस हात लावायचा नाही. आठव्या दिवशी टोपण काढून, न झटकता, न दाबता, कागदावर एक रेघ. पहिल्याच मिलिमीटरला शाई उतरली तर पेन धुऊन, पुसून पिशवीत. रेघ कोरी गेली तर टोपणात हवा शिरतेय, किंवा आतली पोकळी गरजेपेक्षा मोठी झालीय. मग टोपण पुन्हा लेथवर घ्यायचं, किंवा त्या पोकळीत एक छोटं आतलं टोपण बसवायचं, आणि पुन्हा आठ दिवस.